चांगूमामाचं पथ्य

कापडे गावच्या चांगूला सगळी वाडी मामा म्हणते. त्याच्या पाठच्या बहिणीची, तुळसाची, पोरं सुट्टीला यायची आणि दिवसभर मामा-मामा करत त्याच्या मागं फिरायची. ते ऐकून ऐकून वाडीनंही तेच उचललं. तुळसाला महाडकडं दिलेली. त्याच तुळसाच्या हाडातला मगज गेल्या साली रक्त बनवायचा थांबला. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, जुना मगज औषधानं साफ करायचा आणि जुळत्या माणसाच्या पेशी आत सोडायच्या. तपासण्या झाल्या. जुळला तो एकटा चांगू.

त्याची बायको काशीबाई म्हणाली, "हाडातलं काढलं तर लंगडे व्हाल."

"दोन्ही पायांनी लंगडलो तर चाल सरळच दिसंल गो," चांगू म्हणाला, आणि धोतर बदलून निघाला.

पण हाडाला कुणी हातच लावला नाही. चार-पाच दिवस सुया टोचून पेशी रक्तात उतरवल्या आणि मग एका यंत्राजवळ निजवून एका हातातून रक्त घेतलं, पेशी गाळून दुसऱ्या हातात परत सोडलं. तिथल्या प्रयोगशाळेत आम्रपाली नावाची मुलगी होती, आपल्या महाडचीच. चांगूचं 'नाय' नि 'हाय' ऐकलं आणि ती खुर्ची ओढून शेजारीच बसली.

तिथली भाषा मात्र वेगळी. चांगूला म्हणायचे 'सिबलिंग डोनर'.

"म्हंजे काय गो?"

"पेशी देणारा सख्खा भाऊ, मामा."

"मग तसं सांगा की. मला वाटलं, माझ्यावर कसला गुन्हा लावला."

पेशींनी भरलेल्या तांबूस पिशवीला ती माणसं 'प्रॉडक्ट' म्हणायची. हे काही चांगूला रुचलं नाही. "माझं रक्त काय कारखान्यात बनलंय?" आम्रपाली हसली. पेशी आत सोडतात त्या दिवसाला 'डे झीरो'. तिथून पुढं दिवस मोजायचे. आणि पेशी मगजात जाऊन रुजल्या, नवं रक्त बनू लागलं की म्हणायचं 'एनग्राफ्टमेंट'. हा शब्द चांगूच्या जिभेवर काही बसेना, पण अर्थ पटकन बसला. राबातलं आवण, म्हणजे भाताचं रोप, उपटून खाचरात लावलं की आधी पिवळं पडतं, माना टाकतं, आणि मग एके सकाळी उभं राहतं. "मूळ धरलं, असंच ना?" तो म्हणाला. "तसंच," आम्रपाली म्हणाली. "पण धरीपर्यंत जीव टांगणीला. नाही धरलं तर फार कठीण."

तेवढं वाक्य घेऊन चांगू वीर स्टेशनला उतरला आणि कापड्याला आला.

आता झालं असं, की पेशी काढायच्या आदल्या दिवशी त्याला बजावलं होतं, तेलकट-तिखट खाऊ नका. ते कधीपर्यंत, हे कुणी सांगितलं नाही. आणि जाताना आम्रपाली बोलून गेली होती, "तुमच्या पेशी आता तिच्या अंगात वाढतील." चांगूनं दोन्हीचा मेळ घातला. अंगावर पिणाऱ्या लेकरासाठी आई पथ्य पाळते की नाही? लेकरू मांडीवर असतं, आपलं मुंबईत हाय, एवढाच फरक. घरी सुकटीची चटणी परतली की हा माणूस ताट सरकवायचा आणि पेज मागायचा. ज्याचा घास सुकटीवाचून उतरत नसे, तो हा.

"बाळंतीण झालात काय?" काशीबाई म्हणाली.

"तसंच समज."

तुळसाचा नवरा महिपत रोज संध्याकाळी फोन करी. रक्ताचा आकडा अजून तळाशीच. तोंडात फोड आलेत, पाणी गिळवत नाय. हे ऐकलं आणि चांगूनं पेजेतलं मीठही सोडलं. अजून आकडा हलेना. मग ताक सोडलं. तोंडातले फोड तिचे, आणि पथ्य वाढत गेलं याचं.

एक दिवस राब भाजायला लागणारी कवळं, म्हणजे पानांच्या डहाळ्या, तोडायला तो ऐनाच्या झाडावर चढला. कोयता उचलला आणि झाड फिरायला लागलं. कसाबसा खाली उतरून बुंध्याशी बसला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आम्रपाली. पेशी दिलेल्या माणसाची विचारपूस करायची त्यांची पद्धतच आहे.

"मामा, बरे आहात ना? जेवण वगैरे?"

"पेज खातो. अळणी. तू काय काळजी करू नको, मी काय वावगं खाल्लं नाय. तुमच्या त्या पेशींना काय तरास होऊ देणार नाय."

मग तिनं नीट खोदून विचारलं, आणि यानं नीट सगळं सांगितलं. आधी ती हसली. मग समजावू लागली.

"मामा, त्या पेशी आता दिल्या घरच्या. तुळसाताईंच्या ताटातलं खातात. तुम्ही तिथं उपाशी राहून त्यांचं पोट भरणार नाही."

"म्हंजे मी खाल्लं तर तिला जळजळ नाय?"

"नाही. पण तुम्ही झाडावरून पडलात तर तिला जळजळ होईल."

"मग मूळ कशानं धरत नाय गो?"

"वेळ लागतो. आवणाला लागतोच ना? रोज उपटून बघतं का कुणी?"

हे मात्र त्याला पटलं. घरी येऊन म्हणाला, "वाढ." पण सुकटीचा घास काही घशाखाली उतरेना, बहिणीला अजून पाणी गिळवत नव्हतं.

दोन दिवसांनी महिपतचा फोन आला, तोही भर दुपारी. "दादा," महिपत अडखळत म्हणाला, "आकडा चढतोय. काल चढला, आज परत चढला. डॉक्टर म्हणाले, एन... एनगराफ..."

"मूळ धरलं," चांगू म्हणाला, आणि खाली बसला. काशीबाईनं देवापुढं दिवा लावला आणि मग न विचारता तव्यावर सुकट टाकली. त्या दिवशी तो तीन भाकऱ्या जेवला, आणि प्रत्येक घासाला कुणाचं ना कुणाचं नाव घेत होता: डॉक्टरांचं, सुया टोचणाऱ्या नर्सचं, आम्रपालीचं.

यंदाच्या भाऊबीजेला तुळसा आली, डोक्यावर नवे, आखूड केस घेऊन. तिचा रक्तगट बदललाय. जो चांगूचा, तोच आता तिचा. ओवाळून झालं आणि तिनं स्वतः परतलेली सुकट त्याच्या ताटात वाढली.

"तू पण घे की," चांगू म्हणाला.

तिनं लहानपणासारखंच नाक मुरडलं. "रक्त सगळं दिलंस रे दादा. सुकटीची आवड तेवढी स्वतःकडं ठेवलीस."