विजूचा झिरो वर्ग

विजया गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत बसले होते. तिचा धाकटा भाऊ दिलीप बोलत होता. "शुभाताई, ताई गेली सकाळी," एवढंच म्हणाला, पण फोन काही ठेवेना. पलीकडून भांड्यांचे, माणसांचे आवाज येत राहिले... शेवटी मीच "येते" म्हटलं. मग हातातला अर्धा तपासलेला पेपर पुरा केला, गुण दिले, गठ्ठा बांधला आणि उठले. असं का केलं, कोण जाणे. तिचं मूत्रपिंडाचं दुखणं जुनं, डायलिसिस चालू होतं, हे कधीतरी होणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असण्याचा तसा काही उपयोग होत नाही. त्याला आता काही आठवडे उलटले. लिहायला बसण्याइतकं त्राण आत्ता कुठे येतंय.

कर्जतच्या कॉलेजात आम्ही दोघी बरोबरच नोकरीला लागलो. ती गणिताची, मी इंग्रजीची. मी कर्जत गावातली, वकिलाच्या घरातली. इंग्रजी पेपर घरात येई, त्यामुळे त्या भाषेची भीती अशी कधी वाटली नाही. विजू खालापूरच्या बाजूची, डोंगराखालच्या गावातली. वडील भातशेती करून खोपोलीला कारखान्यात पाळी करायचे. घरात सायन्स घेणारी ती पहिली. दहावीपर्यंत सगळं मराठीत. अकरावी-बारावीला पुस्तकं इंग्रजी, पण सर समजावणार मराठीतूनच, त्यामुळे पाठांतरावर निभावून गेलं. मग शहरातल्या मोठ्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेली आणि पहिल्याच तासाला तिच्या पायाखालची जमीन सरकली. सर फळ्याकडे तोंड करून "लेट एक्स बी..." म्हणाले, म्हणजे 'एक्स समजा', आणि हिला वाटलं, एक्स उशिरा येणार आहे! गाडी लेट असते तसा. बिचारी वाट बघत बसली, आत्ता येईल, मग येईल... आणि तोवर गणित संपलं. हे ती सांगायची तेव्हा पदर तोंडाला लावून इतकं हसायची की ऐकणाऱ्यालाही हसू यायचं. पण त्या वर्षी ती नापास झाली होती आणि पुढच्याही वर्षी झाली. ज्या मुलीला बारावीला गणितात तालुक्यात नावाजलं होतं, ती दोन वर्षं गावात मान खाली घालून फिरली. "मोठे शब्द मी पाठ केले होते गं," ती म्हणायची, "मला मारलं ते या छोट्या शब्दांनी."

कॉलेजात शिकवायला लागल्यावर तिला दरवर्षी तेच दिसायचं. पोशीर, कशेळे, चौक, कुठून कुठून मुलं यायची. बारावीला बरे गुण घेऊन यायची, दिवाळीपर्यंत मागच्या बाकांवर सरकायची आणि पुढच्या जूनला दिसायचीच नाहीत. कुणी माथेरानला हॉटेलात लागलेला असायचा, कुणी टेंपोवर, मुलींची लग्नं ठरलेली असायची. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे हळहळायचो आणि चहा प्यायचो. विजूनं मात्र संस्थेकडे धरणंच धरलं. बारावी आणि पदवीचं पहिलं वर्ष यांच्यामध्ये एक वर्ष द्या, म्हणाली, पायाभरणीचं. त्यात नवीन काही शिकवायचं नाही. तेच गणित, तेच विज्ञान, पण इंग्रजीतलं पान स्वतः कसं वाचायचं, तासाला बसून टिपणं कशी काढायची, प्रयोगशाळेत हात कसे चालवायचे, न समजलं तर तोंड कसं उघडायचं, एवढंच. संस्थेचे लोक दोन वर्षं टोलवत राहिले. शेवटी कंटाळून परवानगी दिली आणि जिन्याखालची, पंखा नसलेली एक खोली दिली. गणित ती घ्यायची, इंग्रजी मी.

त्या वर्गाला कागदावर लांबलचक नाव होतं, पण कॉलेजातल्या पोरांनी त्याचं 'झिरो' करून टाकलं. पदवीची तीन वर्षं एफवाय, एसवाय, टीवाय आणि त्याच्या आधी झिरो. "काय रं, झिरोला हायेस काय?" असं कॅन्टीनमध्ये कुणी ओरडलं की आमची मुलं वडापाव तसाच टाकून निघून यायची. विजूला कळलं तेव्हा ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हणाली, "मी पण झिरोच. फक्त माझ्या वेळी झिरोचा वर्ग नव्हता, म्हणून एफवायला दोनदा आपटले." मुलं बघतच राहिली. बाई नापास झाल्या होत्या, हे मुलांच्या कानावर पहिल्यांदाच पडत होतं.

खरा त्रास मुलांचा नव्हताच, घरच्यांचा होता. वर्ष फुकट जाणार, हा एकच धोशा. त्यातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. पोशीरची सुवर्णा नावाची मुलगी होती. शांत, बुटकी, हिशेबाला चलाख. ऐन भातकापणीत तिचं येणं बंद झालं. आठवडा गेला तशी विजू म्हणाली, चल, जाऊन येऊ. नेरळला उतरून रिक्षानं गेलो. खळ्यावर झोडणी चालली होती, अंगाला भाताचा भुसा चिकटलेला सुवर्णाचा बाप, बाळारामदादा, आम्हाला बघून कपाळाला आठ्या घालूनच पुढे आला.

"बाई, पोर बारावी पास हाय," तो म्हणाला. "मंग परत ही कसली पायरी? लोकं इचारतात, नापास झाली काय तुजी पोर? आमी काय सांगायचं? त्यापरीस लगीन करून देतो. जागा आलीय चांगली."

मी माझ्या पुस्तकी मराठीत समजावायला सुरुवात करणार, तोच विजूनं चपला काढल्या आणि खळ्याच्या कडेला खालीच बसली. वर्गातली तिची भाषा क्षणात कुठच्या कुठे गेली. "दादा, मी नापास झाले व्हते. दोनदा. माज्या बानं एका शब्दानं इचारलं नाय, का झाली म्हून. त्याला वाटलं, पोरीच्या डोक्यातच नाय. आनि मलाबी तसंच वाटाया लागलं... तुमची पोर हुशार हाय. तिला शिकवलेलं कळतंय, नुसती भाषा आडवी येतेय. एक वर्स द्या."

बाळारामदादानं मुठीतलं भात चोळून भुसा फुंकला. मग म्हणाला, "आनि येवढं करून पुढच्या वर्साला नापास झाली तर?"

"तर मी येईन तुमच्या दारात. तोंड लपवनार नाय."

सुवर्णा परत आली. वर्ष पुरं केलं, बी.एस्सी.ला गेली. आणि पहिल्याच सहामाहीत गणितात नापास झाली.

निकाल लागला त्या दिवशी विजू स्टाफरूममध्ये नुसती बसून होती. मी म्हटलं, एक विषय राहिलाय, पुन्हा देईल की. ती म्हणाली, "देईल, घरी ठेवलं तर ना." आणि पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा पोशीरला गेलो. वाटेत मला एकच काळजी. हा माणूस काय काय बोलेल, चार माणसांत काय शोभा होईल... घरात गेलो तेव्हा सुवर्णा आतल्या दाराआड उभी होती, रडून डोळे सुजलेले. बाळारामदादानं चटई टाकली, पाणी दिलं. विजू म्हणाली, "दादा, आले. सांगितलं व्हतं तसं."

"मला वाटलं, नाय येनार तुमी," तो म्हणाला. "परीक्षा झाल्यावर कोन येतंय दारात? आमच्या घरात शाळेचं मानूस असं नापासाला कदी आलंच नाय." मग आत बघून मोठ्यानं म्हणाला, "गं सुवर्ने, बाईंना चहा ठेव. आनि पुस्तकं काढ. परत देयाची हाय परीक्षा तुला."

चहा घेऊन निघालो. रिक्षा मिळेना म्हणून रस्त्याच्या कडेला मोरीच्या कठड्यावर बसलो. विजू एकदम वाकून बसली, कोपर गुडघ्यांवर टेकून. मला वाटलं, बाई खूश असेल. "शुभा," ती म्हणाली, "एकीच्या दारात दोनदा आले. बाकीच्यांच्या दारात कोण जाणार गं? मी किती पुरणार?" मी रिक्षा दिसतेय का बघायला उठले. तिच्या पायांना तेव्हाच सूज यायला लागली होती, हे मला नंतर कळलं.

झिरो वर्ग चालला काही वर्षं. दरवर्षी थोडी मुलं यायची. काही तरायची, काही नाही. विजूनं कधी त्याचे ढोल वाजवले नाहीत. मग पदवीच चार वर्षांची होणार अशी हवा सुटली आणि पालक म्हणायला लागले, चार आणि हे एक, पाच वर्षं पोरानं शिकतच बसायचं का? मुलं कमी झाली. संस्थेलाही नव्या संगणकाच्या कोर्ससाठी जागा हवी होती. विजू प्राचार्यांच्या केबिनबाहेर बाकावर बसून राहायची, बोलावणं येईपर्यंत. आत जाऊन तेच तेच सांगायची. एकदा बाहेर आली आणि मला म्हणाली, "आज ते छान वागले. पाणी विचारलं, हो हो म्हणाले. म्हणजे बंद होणार." बंद झालाच. त्या जूनमध्ये जिन्याखालच्या खोलीला पंखे लागले.

त्यानंतर विजू भराभर खचली. दुखणं शरीराचं होतं, उगाच दुसऱ्या कशावर ढकलण्यात अर्थ नाही, पण ती मुदतीआधी निवृत्ती घेऊन दहिवलीच्या घरी बसली आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी डायलिसिसला पनवेलला जायला लागली. जमेल तेव्हा मी बरोबर जायचे. मशीनला जोडलेला हात ताठ ठेवून ती डोळे मिटून पडायची. शेवटच्या भेटीत तिनं डोळे न उघडताच विचारलं, "यंदा एफवायला किती गळतील गं?" मी म्हटलं, विजू, आता सोड ना ते. "सोडलंय," ती म्हणाली. "खरंच सोडलंय. दमले मी. सवयीनं विचारलं..." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "पण किती?" मी सांगितलं, आत्ताच कळणार नाही, दिवाळीनंतर दिसेल. तिनं मान हलवली.

अंत्यविधीला कॉलेजातले थोडेच लोक होते. गावाकडचे पुष्कळ होते. गर्दीतून एक बाई पुढे आली, कंपनीचा निळा कोट हातावर टाकलेला. आधी ओळखलंच नाही मी. सुवर्णा होती. खालापूरच्या बाजूला औषधांच्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत काम करते. सकाळची पाळी अर्धी टाकून आली होती. फार मोठं काही बनली नाही ती, तसं तीच म्हणाली, पाळ्या करून कंबर मोडते आणि साहेब बोलतो ते वेगळंच. पण मग म्हणाली, "मॅडम, एफवायच्या पहिल्या तासाला सर इंग्रजीत बोलायला लागले आणि आजूबाजूची मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. मला कळत होतं... सगळं नाय, पण कळत होतं. तसं पुन्हा आयुष्यात कधी वाटलं नाही मला." तिला रडू आवरेना. बाबा पण आलेत, म्हणाली. बाहेर रस्त्यावर आंब्याखाली बाळारामदादा उभा होता, टोपी हातात घेऊन. आत यायला काही तयार होईना. "बाई माज्या दारात दोनदा आल्या," एवढंच तो मला म्हणाला. "आमाला एकदा तरी यायाला हवंच व्हतं."

अजून मी शिकवतेच आहे, थोडे दिवस उरलेत. तास घ्यायला उभी राहिले की नजर आपोआप शेवटच्या बाकाकडे जाते. याचं कारण सांगायलाच हवं. झिरो वर्गात मी इंग्रजी शिकवायचे तेव्हा विजू स्वतःचा तास नसला की मागच्या बाकावर येऊन बसायची, मुलांमध्ये, वही उघडून. आणि मध्येच हात वर करायची. "मॅडम, मला नाही कळलं. परत सांगा ना." कधी अगदी साधा शब्द असायचा, मलाच संकोच वाटायचा. तिला तो येत असायचा, हे सांगायला नकोच. पण बाईंनाच कळलं नाही म्हटल्यावर पुढची दोन डोकी हळूच वर व्हायची, मग आणखी एक, आणि पावसाळा संपेपर्यंत मुलंच हात वर करायला लागायची. मग विजू मागचा बाक सोडून द्यायची, दुसऱ्या कुणाच्या तासाला जाऊन बसायची.

आता एफवायच्या वर्गात कुणी हात वर करत नाही. काल एक उतारा शिकवत होते. वाक्य संपलं. चेहरे कोरे. शेवटचा बाक रिकामा... मी पुस्तक खाली ठेवलं आणि कुणी न विचारताच म्हटलं, "बरं, परत सांगते."