पॉलिशला डोळे पडले

लाकडी जमिनीचं पॉलिश बिघडलं की लोक मला फोन करतात आणि त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, की मॅडम, आम्ही काहीच केलं नाही. या वाक्याचा मला भयंकर राग येतो. तुम्ही काही केलं नाही, मग काय जमिनीनं स्वतःच फिनेलनं अंग पुसून घेतलं? कामवालीला कुणी काही सांगितलेलं नसतं, ती बिचारी बादलीभर पाण्यानं पुसते, फळ्या फुगतात, कडेनं पांढरे पट्टे उठतात आणि शिव्या आमच्या पॉलिशला. कुणी पॉलिशचा कोट वाळायच्या आत पाहुण्यांना दाखवायला वर घेऊन जातं आणि मग पाहुण्यांचे ठसे कायमचे राहतात. कोल्हापुरात अकरा वर्षं मी हे काम करते आहे. त्याआधी वडील करायचे, आणि धंद्याबरोबर त्यांचा रागही माझ्याकडे आला.

मिस्त्रीही मला वडिलांकडूनच मिळाले. कसबा बावड्यात राहणारे, साठीला टेकलेले, मोजकं बोलणारे. ब्रश धरायला मला त्यांनीच शिकवलं. वडील शिकवायला बसले की पाचव्या मिनिटाला ओरडायचे. मिस्त्री माझ्या हातातला ब्रश काढून घ्यायचे, एक लांब हात मारून दाखवायचे आणि ब्रश परत द्यायचे. वडील गेले तेव्हा ओळखीपाळखीचे सगळे म्हणाले, पोरीला हे झेपायचं नाही, दुकान बंद करा. दिवस कार्य उरकल्यावर पहिल्याच सोमवारी मिस्त्री नेहमीच्या वेळेला गोदामाच्या दाराशी येऊन उभे राहिले, म्हणून मी गोदाम उघडलं. हे सगळं मला पाठ आहे. तरीही जे करायला नको होतं ते मी केलंच.

दोन वर्षांपूर्वी दसरा झाल्या झाल्या एक मोठं काम आलं. पन्हाळ्याच्या रस्त्याला एक बंगला, मालक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले साहेब. वरच्या मजल्यावर सबंध हॉलला जुन्या सागवानाची जमीन, वीस वर्षांचं काळपट पॉलिश. मुलगी परदेशातून दिवाळीला येणार होती आणि त्याआधी त्यांना जमीन आरशासारखी हवी होती. आरशात बघायचं असेल तर आरसा घ्यावा, लाकडाला लाकडासारखं राहू द्यावं, असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. पण काम मोठं होतं, म्हणून मी हसून मान डोलावली.

पहिल्या दिवशी घासायचं मशीन जिन्यानं वर चढवताना मिस्त्री मधेच थांबले. त्यांनी मशीनच्या बुडाला हात लावला आणि बोटं एकमेकांवर चोळून बघितली.

"ताई, मशीनला कायतर मारलंय काय? बुळबुळीत लागतंय."

मी खाली फोनवर बोलत होते. खंडेनवमी झाली, पूजा केलीय, हळदीकुंकवाचं काहीतरी असेल, आता चला लवकर, असं मी तिथूनच ओरडले. ते बरं म्हणाले, फडक्यानं बूड पुसून घेतलं आणि कामाला लागले.

जुनं पॉलिश छान निघालं. आत सोनेरी, दाट रेषांचं सागवान होतं, असं लाकूड आता बघायलाही मिळत नाही. पॉलिशखाली मारतात त्या सीलरचा हात झकास बसला. मग मशीनला बारीक पॉलिश पेपरची चकती लावून मिस्त्रींनी हलकं घासलं, थिनरच्या फडक्यानं धूळ टिपली आणि पॉलिशचा पहिला कोट चढवला. दहा मिनिटं झाली नसतील, तोवर ओल्या पॉलिशला गोल गोल खड्डे पडायला लागले. हरभऱ्याएवढे, मधोमध उघडं लाकूड आणि भोवती पॉलिशची जाड कड. तेवढ्या जागेवर बसायला पॉलिशच नको म्हणत होतं. आमच्याकडे याला डोळे पडले म्हणतात. सबंध हॉल डोळे वटारून माझ्याकडं बघत होता.

डोळे पडतात ते तेलकटपणानं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण रागात असले की मला एका वेळी एकच माणूस दिसतो. पहिल्यांदा दिसला पॉलिशचा दुकानदार. त्याला मी त्याच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, भेसळीचा माल खपवतोस म्हणून झाडला. त्यानं शांतपणे त्याच मालातला दुसरा डबा फोडला आणि प्लायच्या तुकड्यावर माझ्यादेखत हात मारला. एक खड्डा पडला नाही. मी त्याला सॉरीसुद्धा म्हटलं नाही, तो प्लायचा तुकडा घेऊन तरातरा निघून आले.

दुसऱ्या दिसल्या साहेबांच्या बाई. मिस्त्रींनी सगळं परत घासलं, परत कोट मारला, परत डोळे, आणि या वेळी जास्तच. खालून चकल्या तळल्याचा वास येत होता. तेलाचा धूर जिन्यानं वर येतोय, दुसरं काय असणार. मी खाली जाऊन बाईंना कढई उतरवायला सांगितलं. कोल्हापुरात ऐन दिवाळीच्या तोंडावर बाईमाणसाला फराळ थांबवायला सांगायचं म्हणजे काय असतं ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. त्यांनी गॅस उचलून मागच्या अंगणात नेला आणि माझा दुपारचा चहा बंद केला. तिसऱ्यांदा घासलं, कोट मारला, तिसऱ्यांदा डोळे.

चौथ्या दिवशी साहेब आणि बाई दोघंही हॉलच्या दारात येऊन उभे राहिले. साहेब अगदी सभ्यपणे म्हणाले, की तुम्हाला जमत नसेल तर संकोच करू नका, आम्ही पुण्याहून माणूस बोलावतो. पुण्याहून, हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर मिस्त्री गुडघ्यांवर बसून चौथ्यांदा ब्रश चालवत होते. कपाळावर घाम, केस नेहमीसारखे खोबरेल लावून चोपून बसवलेले. आणि मी बोलले.

"मिस्त्री, आधी ते डोक्यावरचं तेल धुऊन या. घामाबरोबर गळतंय ते, आणि भोगायचं आम्ही."

साहेबांनी, शेवटी सापडलं बुवा, अशी मान हलवली. मघाशी आत येताना मिस्त्रींनी दाराच्या चौकटीला हात टेकला होता. बाईंनी पदराच्या टोकानं ती जागा पुसून काढली. ते बघून तरी मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, उलट बरं वाटलं, की आता पुण्याचा विषय संपला. मिस्त्रींनी ब्रश थिनरमध्ये धुतला, कागदात गुंडाळला, डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते तेव्हा केलं. हॉलच्या एका कोपऱ्यात लाकूड खरवडून कोरं केलं आणि चिकटपट्टी लावून तीन चौकोन आखले. एक नव्या कागदानं हातानं घासला. दुसऱ्यावर मुद्दाम खोबरेलाचं बोट फिरवलं आणि नेहमीसारखं थिनरनं पुसलं. तिसऱ्यावर मशीन फिरवलं, तीच बारीक चकती लावून. मग तिन्हींवर एकाच डब्यातलं पॉलिश मारलं आणि घड्याळ लावून बसले. हाताचा चौकोन स्वच्छ राहिला. खोबरेलाचाही स्वच्छ राहिला. मशीनच्या चौकोनाला मात्र डोळ्यांची नुसती रांग लागली.

मी मशीनची चकती काढून नाकाशी धरली. लिंबाचा वास आला, आणि मी तिथंच फतकल मारून बसले.

खंडेनवमीला गोदामात हत्यारांची पूजा असते. वडील मशीन ओल्या फडक्यानं पुसून, हळदीकुंकू लावून, झेंडूची माळ घालून मोकळे व्हायचे. मला त्या वर्षी हौस. मशीनचा काळा रबरी भाग मळकट दिसत होता, म्हणून गाड्यांच्या डॅशबोर्डला मारतात तो चकाकीचा स्प्रे मी आणला होता, लिंबाच्या वासाचा. मशीनवर सढळ हातानं मारला. शेजारीच बारीक चकत्यांची उघडी चळत होती, फवारा तिच्यावरही बसला. मशीन इतकं चमकलं की मी त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवला. त्या स्प्रेत सिलिकॉन असतं. ते थिनरनं पुसून जात नाही, उलट पसरतं. म्हणजे चार दिवस मिस्त्री जितक्या वेळा जमीन घासत होते तितक्या वेळा मीच त्यांच्या हातानं ते जमिनीला चोळत होते.

आणि मिस्त्री त्या दिवशी गोदामातच काय, गावातही नव्हते. दर दसऱ्याला ते घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीला जातात, दोन दिवस आधीच निघतात. मी लहान असल्यापासून एकाही खंडेनवमीला ते गोदामात नव्हते, हे मला माझ्या वाढदिवसाइतकं माहीत होतं. आता कुणावर ओरडावं ते मला कळेना. रिकाम्या हॉलमध्ये मी ती चकती फाडून तिचे तुकडे तुकडे केले.

संध्याकाळी बावड्याला गेले. मिस्त्री अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या बायकोनं चहा आणून ठेवला, पण माझ्याकडं बघितलं नाही. मी स्प्रेचं, चकत्यांचं, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मला म्हाईत हुतं की. पयल्याच दिशी इचारलं न्हवं का तुमास्नी?"

मग परत का नाही बोललात, असं मी विचारलं, आणि त्यातही माझा आवाज चढलेलाच होता. ते म्हणाले की एकच गोष्ट दोनदा बोलायची सवय तुमच्या बाबांनी ठेवली नाही. मी म्हणाले, या हो, तुमच्याशिवाय ते काम व्हायचं नाही.

"येतो की. जमीन माझ्या हातची हाय, मीच नीट करून देतो. पर तेलाचं जे बोलला, ते तितंच खोडायचं. त्या दोघांम्होरं."

मी म्हणाले, बोलते की, त्यात काय एवढं. आणि अगदी मनापासून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवर वाक्य घोळवत गेले. स्प्रे मी मारला होता, मिस्त्रींचा काडीचा दोष नव्हता, तुमच्यासमोर बोलले म्हणून तुमच्यासमोर सांगते. साधी तीन वाक्यं. वर मिस्त्री डब्याचं झाकण उघडत होते. साहेब आणि बाई दारात आले आणि साहेबांनी विचारलं, सापडलं का कारण? झाकणावरचा मिस्त्रींचा हात थांबला.

"मशीनमध्ये जरा प्रॉब्लेम होता, साहेब. आता काढलाय," मी म्हणाले.

बाईंनी विचारलं, म्हणजे तेलाचं नव्हतं का? देवानं ताटात वाढून दिलेली संधी होती ती.

"तेही असतंच हो थोडंफार," मी म्हणाले, आणि वर हसले.

आजही ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. एरवी जगाला झोडपणारी मी, एका पेन्शनर माणसानं मला अडाणी समजू नये म्हणून हसले. मिस्त्रींनी झाकण उघडलं, पॉलिश ढवळलं आणि कामाला बसले.

तीन दिवस त्यांनी काम केलं. सिलिकॉन शोषलेला थर पूर्ण खरवडून काढला, मशीनला हात न लावता सगळा हॉल हातानं घासला, आणि तीन कोट असे चढवले की सागवानाची रेष न् रेष वर आली. एवढी सुंदर जमीन आमच्या हातून आधी झाली नव्हती, नंतर तर नाहीच नाही. साहेबांनी माझं तोंडभरून कौतुक केलं, आणि बाईंनी मला फराळाचा डबा दिला.

खाली फाटकाशी मिस्त्रींनी खिशातून गोदामाची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. उद्यापासून दुसरा माणूस बघा म्हणाले. मी निर्लज्जासारखं विचारलं, का, काय झालं?

"जमीन साफ झाली, ताई. मला तसाच ठिवला की तुमी."

वर हॉलची खिडकी उघडी होती. साहेब आणि बाई जमिनीवरून अनवाणी फिरत होते, त्यांचं बोलणं खाली ऐकू येत होतं. हाक मारली असती तर दोघंही खिडकीत आले असते. मिस्त्रीही लगेच निघाले नाहीत, फाटकाला हात लावून थोडा वेळ उभे राहिले.

मी म्हणाले, "बरं, तुमची मर्जी," आणि किल्ली पर्समध्ये टाकली.