बाबांच्या नावाचा मुलगा

माझ्या मुलाच्या रहिवासी दाखल्यासाठी आमचं कुटुंब इथं कधी आलं याचा पुरावा हवा होता. आम्ही मुलचेऱ्याकडचे बंगाली. पूर्व बंगालातून निघालेले आजोबा काही वर्षं रायपूरजवळ निर्वासितांच्या छावणीत राहिले, मग सरकारनं त्यांना इथल्या जंगलात जमीन दिली. घरात बंगाली आणि शाळेत मराठी, अशी मी वाढले. आता मराठीच शिकवते. आजोबांची कागदपत्रं पुरात गेली होती, म्हणून गेल्या उन्हाळ्यात चंद्रपूरला एका जुन्या दप्तरखान्यात जाऊन बसले.

तिथल्या वयस्क कारकुनानं एक गठ्ठा सोडून समोर ठेवला. "एवढंच उरलं आहे बाई. बाकीचं वाळवीनं खाल्लं."

त्यात आमच्या वसाहतीचे दोनच कागद होते. एक, छावणीतून माणसांसोबत आलेली यादी. दुसरा, वर्षभरानं वसाहतीत झालेली शिरगणती. यादीत आजोबा, आजी, मुलगी वय नऊ, मुलगा वय चार. मुलाच्या नावावर लाल शाईची रेघ होती आणि पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मृत'. शिरगणतीत तोच मुलगा पुन्हा होता. वय पाच.

ते नाव माझ्या बाबांचं. सकाळी त्यांनीच मला एसटीपर्यंत सोडलं होतं.

मी कारकुनाला ते दाखवलं. "भाऊ, हे असं कसं?"

"लिवणाऱ्याची चूक असंल. तवा किती लोकं येऊन राह्यले होते. तुमचे बाबा जिते आहेत ना? मंग काऊन घाबरून राह्यल्या?"

घरी आल्यावर मी पिशीला विचारलं. पिशी म्हणजे बाबांची थोरली बहीण, शेजारीच राहते. तीही म्हणाली, "कारकुनाची चूक." पण ताटातला भात तिनं तसाच ठेवला आणि उठून गेली.

त्या दिवसापासून मी बाबांकडे चोरून बघू लागले. ते धानात वाकलेले असायचे, सायकलचं चाक फिरवून बघत असायचे, आणि मला ती लाल रेघ दिसायची. त्यांचा चेहरा आजोबांसारखा नाही, आजीसारखाही नाही, हे मला चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं.

आमची माणसं आली तेव्हाची बातमी कुठं छापली असेल तर तोही पुरावा होईल, असं कुणीतरी सुचवलं. नागपूरच्या एका वाचनालयात जुनी हिंदी वर्तमानपत्रं बांधून ठेवली आहेत. बातमी सापडलीच नाही. पण त्याच सुमाराच्या अंकात, आतल्या पानावर, एक छोटी सूचना होती. छावणीतून अर्जुनीच्या वसाहतीकडे जाताना गोंदियाच्या फलाटावर मुलगा हरवला आहे. वय चार, बंगाली बोलतो, डाव्या कानाची पाळी फाटलेली. खाली मुलाचं नाव आणि बापाचं नाव.

बाबांच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे. लहानपणी कोंबड्यानं चोच मारली, असं आजी सांगायची.

मी फोटो काढून आणला आणि पिशीला वाचून दाखवला. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"माझा भाऊ छावणीतच तापानं गेला," ती म्हणाली. "आई बोलेना, खाईना. गोंदियाला गाडी बदलायची होती. तिथं हा एकटाच रडत उभा होता. आईनं माझ्या भावाच्या नावानं हाक मारली, तर हा आला आणि तिचा पदर धरला. पुढं आईनं तो पदर सोडवलाच नाही."

"कुणी शोधायला आलं नाही?"

"आमची गाडी लगेच सुटली गं. आणि पेपर कोण वाचणार? हिंदी येत होती कुणाला?"

"बाबांना माहीत आहे?"

"पहिली काही वर्षं हाक मारली की तो उशिरा वळायचा. मग वळायला लागला."

बाबांना सांगावं की नाही, यात महिना गेला. शेवटी ते अंगणात बसले असताना सांगितलं. त्यांनी सूचना दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, "माझं नाव काय लिहिलंय?" मी वाचलं. त्यांनी ते हळूच उच्चारून पाहिलं, परक्या माणसाचं नाव नीट ऐकू आलं की नाही याची खात्री करावी तसं.

आम्ही अर्जुनीला गेलो. बाबांचे जन्मदाते आमच्या चंद्रपूरच्याच रेल्वेमार्गावर, काही तासांच्या अंतरावर राहत होते. घर होतं, माणसं नव्हती. शेजारची बाई म्हणाली, नवरा लवकर गेला, बाकीची मुलं नव्हतीच. म्हातारी मात्र खूप वर्षं एकटी जगली. "कुणाचंही पोर दिसलं की आधी त्याचा कान बघायची. पोरं घाबरायची तिला."

बाबांनी टोपी कानावर ओढून घेतली.

दाखल्यासाठी मी फक्त शिरगणतीची नक्कल जोडली. दाखला मिळाला.

महालयाच्या अमावस्येला बाबा दरवर्षी प्राणहितेवर तर्पण करतात. या वर्षी पिशी आणि मीही गेलो. आजोबा-आजीला पाणी देऊन झालं. अर्जुनीच्या दोघांना दिलं. मग बाबांनी आणखी एक नाव सांगितलं, स्वतःचंच. पुरोहित थांबला.

"जिवंत माणसाच्या नावानं पाणी देत नाहीत."

"हा चार वर्षांचा होता," बाबा म्हणाले. "छावणीत गेला. याला आजवर कुणी पाणी दिलेलं नाही. मंत्र म्हणा."

कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी तीनदा ओंजळ सोडली. काठावरून पिशीनं ते नाव घेऊन हाक मारली, एकदा, मग पुन्हा.

बाबांनी वळून पाहिलं नाही.