बर्फाच्या पिक्चरची निकाली कुस्ती

आमच्या कोल्हापुरात कशालाही नंबर लावल्याशिवाय माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही. रस्सा कुणाचा एक नंबर, तालीम कुठली एक नंबर, म्हैस कुणाची एक नंबर. मैदानातल्या कुस्त्यांनाही नंबर असतात. मग इंग्रजी हेराच्या पिक्चरांना नंबर लागले यात नवल ते काय? सत्तरच्या दशकात हे नंबर आमच्या दूधकट्ट्यावर लागायचे, आणि त्यातल्या एका नंबरापायी मी माझ्या वडिलांशी भांडण काढलं.

दूधकट्टा म्हणजे साधी गोष्ट. दिवेलागणीला आबा, म्हणजे माझे वडील, आमच्या म्हशी चौकात आणून बांधायचे. गिऱ्हाईक समोर उभं असायचं आणि आबा त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ ग्लास हातात द्यायचे. तालमीतली पोरं यायची, दुकानं आवरून निघालेली माणसं यायची, आणि दूध पिऊन झालं तरी कुणी हलायचं नाही. मी तेव्हा कॉलेजात होते. आई मी चौथीत असताना गेली. संध्याकाळी पोरगी घरात एकटी कशाला, म्हणून आबा मला कट्ट्यावर न्यायला लागले आणि ते पुढंही तसंच चालू राहिलं. मी बादलीशी बसून ग्लास विसळायची आणि कान उघडे ठेवायची.

हे हेराचे पिक्चर सगळे एकाच साहेबाचे. एक-दोन वर्षांनी नवा निघायचा, मधेच साहेबाचं काम करणारा नट बदलायचा, पण साहेब तोच. मुंबईला लागून लागून शिळा झाला की पिक्चर आमच्याकडं यायचा, तोही फक्त रविवारी सकाळच्या खेळाला. साहेबाचं इंग्रजी कट्ट्यावर कुणाच्या बापाला कळत नव्हतं, पण त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. इंग्रजी नावं जिभेवर बसत नसत, म्हणून पिक्चरांचं बारसं कट्ट्यावरच व्हायचं. पाण्यातला, आगगाडीचा, जहाजाचा, बर्फाचा.

नंबर लावायची रीत तालमीतली होती. दोन पिक्चरांची जोड लावायची, दोन्हीकडच्यांनी आपापल्या पिक्चरची बाजू घ्यायची आणि एक बाजू पडेपर्यंत बोलायचं. आबा तरुणपणी स्वतः लाल मातीत उतरलेले. बरोबरीत सोडवलेली कुस्ती त्यांना अजिबात खपत नसे. "निकाली पायजे," म्हणायचे, "न्हाईतर घरात बसा की." कट्ट्यावर शब्द चालायचा तिघांचा. एक आबा. दुसरे शेजारच्या दुकानातले शिंपी, त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. ते साहेबाच्या कोटाच्या बेतावरून पिक्चर तोलायचे. तिसरे तालमीतले एक थोराड पैलवान, ज्यांना हाणामारी सोडून उरलेला पिक्चर झोप काढायला बरा वाटायचा. नियम एकच होता. ज्यानं थेटरात बसून बघितला, त्यानंच तोंड उघडायचं. मुली काही रविवारच्या इंग्रजी खेळाला जात नसत, त्यामुळं माझ्या तोंडाला आपोआप कुलूप. मला त्याचा भयंकर राग यायचा. सगळ्या गोष्टी मला पाठ होत्या, पैलवानांपेक्षा शंभर पटीनं बऱ्या सांगता आल्या असत्या, पण माझं मत विचारावं हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

एक नंबरला कायम बर्फाचा असायचा, आणि तो तिथं धरून ठेवला होता आबांनी. कट्ट्यावर त्याची गोष्ट अशी सांगायचे: साहेबाच्या जोडीला एक शूर बाई असते. मध्यंतराच्या आधीच तिला गोळी लागते आणि ती बर्फात मरते. साहेब तिच्याजवळ बसून राहतो. मध्यंतर होतं, आणि नंतर तीच बाई हसत गाडी चालवत येते. तीच म्हणजे ती नव्हे, तिची जुळी बहीण. मग दोघं मिळून डोंगरावरचा दुश्मनाचा अड्डा उडवतात आणि खेळ खलास. ही बहीण कुठून उपटली, असा प्रश्न कुणालाही पडला नाही. हिंदी सिनेमे बघून तयार झालेली माणसं ती. मेलेली बाई परत दिसली की जुळी बहीण, त्यात विचारायचं काय?

एका दिवाळीच्या सुट्टीत मी इचलकरंजीला मावशीकडं गेले होते. घरामागंच यंत्रमागांची शेड, दिवसभर खडखडाट. तिथल्या थेटराला जुना बर्फाचा परत लागला होता. मी मावशीच्या मागं लागले. तिला साहेबाशी काही देणंघेणं नव्हतं, पण बर्फ बघायचा होता. "चल," म्हणाली, "हितं कोण इचारतंय आपल्याला!"

पिक्चर सुरू झाला आणि माझी पाठ असलेली गोष्ट कोलमडायला लागली. मध्यंतर झालं तरी बाई मेलीच नाही. ती हसत गाडी चालवत होती, अड्डा उडाला तेव्हाही ठणठणीत होती. सगळं जिंकून झाल्यावर, अगदी शेवटी, तिला गोळी लागली. साहेब बर्फात तिच्याजवळ बसला आणि थेटरातले दिवे लागले. जुळी बहीण वगैरे कुणी आलं नाही. लोक उठून गेले तरी मी बसून होते. आई गेली तेव्हा सगळे मला सांगत होते, देवाघरी गेलीय, येईल हं, झोप आता. ती येणार नाही, असं तोंडावर मला कुणी सांगितलंच नव्हतं. ते त्या पिक्चरनं सांगितलं. मावशी, आईची सख्खी बहीण, माझा हात धरून रडली, मीही रडले, आणि मला फार बरं वाटलं. मावशीला मग चटकच लागली. पुढच्या रविवारी आम्ही पाण्यातलाही बघून घेतला.

कोल्हापुरात काय घडलं असणार हे परतीच्या एसटीत माझ्या ध्यानात आलं. पिक्चर यायचा रिळांच्या डब्यांतून. आमच्या थेटरात शेवटचे डबे मधे लागले आणि मधले शेवटी. खेळ एकच, भाषा कुणालाच येत नाही, मग हरकत घेणार कोण?

त्याच संध्याकाळी कट्ट्यावर मी सांगून टाकलं. "बर्फाच्यात जुळी भैण न्हाईच. एकच बाई हाय, आन् ती शेवटाला मरती. आपल्या थेटरानं रिळं उलटीसुलटी लावली हुती."

पैलवान हसले. "आगं, आमी डोळ्यानं बघितलंय की."

"मीबी डोळ्यानंच बघितलाय. इचलकरंजीत."

"इचलकरंजीत!" पैलवानांनी कपाळावर हात मारला. "मग त्यांनीच उलटी लावली असतील."

"असं? मग तुमच्याच गोष्टीत सायबाचा हात आदी गळ्यात बांधल्याला दिसतो आन् त्या हाताला गोळी मागनं लागती, ती कशी काय?"

"हेर हाय त्यो! सोंग घेतलं असंल."

या उत्तरापुढं कट्ट्यावर कुणाची डाळ शिजत नसे. चाचांनी तर पुरावाच काढला. "मेली तिच्या कोटाला केसाळ कॉलर हुती. मागनं आली तिच्या कोटाला साधी. कापडाच्या बाबतीत माझी नजर फसायची न्हाय, पोरी."

"बाईमाणसाला दोन कोट नसत्यात व्हय, चाचा?"

कट्टा हसला, चाचाही हसले. आबा तेवढे हसले नाहीत. कासेवरचा हात न थांबवता म्हणाले, "तू ग्लास धू."

मी बादली तिथंच टाकून घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले, ग्लास धुतले आणि विषय परत काढला. त्याच्या पुढच्या दिवशीही काढला. हट्टाच्या बाबतीत मी आबांचीच मुलगी. खरं तर जुळ्या बहिणीचं मला काही पडलं नव्हतं. बघेल त्यानं बोलावं हा त्यांचाच नियम, मी बघून आले होते, आणि तरीही माझा शब्द कुणी मोजत नव्हतं. तो मोजायला लावायचाच, असं मी ठरवलं. दूध प्यायला येणारी माणसं मला बघून गालात हसायला लागली, तरी मी हटले नाही.

उन्हाळ्यात चौकात बर्फाचा बोर्ड लागला. आमच्या थेटराला तो परत येणार होता. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "आबा, ह्या रविवारी समद्यांनी बघायचा. मीबी येणार. निकाली करायची."

तो शब्द काढल्यावर आबांना नाही म्हणायची सोयच नव्हती. त्यांनी माझ्याकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं. "व्हय," म्हणाले. "निकाली."

आदल्या दिवशी दुपारी चाचांनी मला दुकानात हाक मारली. मशीन बंद केलं. "पोरी, सोड की ह्यो नाद. तुझंच खरं असंल. लागली असतील रिळं उलटी."

"मग कट्ट्यावर म्हणा की तसं."

चाचांनी हातातलं कापड बाजूला ठेवलं. "बर्फाचा आला तवा मी तुझ्या बाच्या शेजारी बसलोतो. तुझी आई जाऊन वरीसबी झालं न्हवतं. मध्यंतरानंतर ती बाई परत दिसली, आन् तुझा बा खुर्चीतनं उभाच ऱ्हायला. मागच्यांनी शिव्या घातल्या, तरी बसंना. तवापास्नं त्याचा एक नंबर त्यो. आता तूच बघ."

मी तिथून निघाले ती सरळ गोठ्यात गेले आणि म्हशींपुढं वैरण टाकत बराच वेळ तिथंच थांबले. सोडून द्यावं असं वाटलं नाही, असं नाही. मग मला रागच आला. आबांची बायको गेली होती, तशी माझी आईही गेली होती. इतकी वर्षं आम्ही दोघं एका घरात जेवलो, झोपलो, आणि तिच्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. त्यांना निदान जुळी बहीण होती. मला तीही नव्हती. जोड तर आता लागली होती, आणि दया करून मी माघार घेतली असती तर ती त्यांना कळलीच असती. तशी कुस्ती आबांनी आयुष्यात कधी घेतली नव्हती. मी जायचं ठरवलं.

रविवारी थेटरात बाई म्हणावी अशी मी एकटीच. एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला चाचा, पुढच्या रांगेत पैलवान, त्यांच्या खांद्यावरून मला मान उंच करून बघावं लागत होतं. या वेळी डबे बरोबर लागले होते. मध्यंतराला बाई जिवंत. पैलवान वळून म्हणाले, "आरं, मरंना की ही अजून!" चाचांनी त्यांना डोळ्यांनी दटावलं. अड्डा उडाला, बाई हसली, आणि मग ती गोळी आली. मी पडद्याकडं बघतच नव्हते. आबा गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते. दिवे लागले तरी ते तसेच होते. पैलवानही उठले नाहीत. शेवटी आबाच म्हणाले, "चला. म्हशी खोळंबल्या असतील." मी जिंकले होते, पण मला आनंद म्हणून झाला नाही.

संध्याकाळी कट्टा नेहमीपेक्षा जास्त भरला. बातमी पसरली होती. चाचांनी सावरायला बघितलं, "आज जरा आगगाडीच्याचं बोलूया."

"न्हाय," आबा म्हणाले. "आदी बर्फाचा. पोरीचं खरं हाय. एकच बाई हुती, आन् ती मेली. जुळी भैण आपण पदरची लावली."

"मग घ्या की त्येला खाली," पैलवान म्हणाले. "पाण्यातला वर."

"एक नंबर बर्फाचाच."

"आता आनि कशापायी?"

आबांनी धार थांबवली. म्हैस मान वळवून बघायला लागली. "इतकी वर्सं ती परत येती म्हणून मला त्यो आवडायचा. आज न्हाय आली. सायेब तितंच बसून ऱ्हायला, त्येला उठायचंबी सुचंना. माझी बायकू गेली तवा मीबी तसाच बसलोतो. बरोबर दावलंय त्यांनी. म्हणून एक नंबर."

"माझी बायकू गेली" हे शब्द आबांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. पैलवान खाली बघायला लागले. चाचांनी टोपी काढून परत घातली. मग आबा माझ्याकडं वळले. "तू बोल. तुझा एक नंबर कंचा?"

बर्फाचा म्हणावं, हेच सगळ्यांना वाटत होतं, आणि म्हटलं असतं तर आबांना गोडही वाटलं असतं. पण इतकी वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघितली, त्याला खोटं उत्तर द्यायचं? मी डोळे पुसले.

"पाण्यातला," मी म्हणाले. "बर्फाचा दोन नंबर."

"पाण्यातला?" आबा एवढ्यानं ओरडले की म्हैस बिचकली. "डोस्कं फिरलंय का तुझं? त्यात निम्मा येळ नुसतं बुडबुडं हाईत की!"

"मग बर्फाच्यात काय दिसतंय? निम्मा येळ नुसतं पांढरं!"

"आरं, सांगा कुणीतरी हिला!" पण पैलवान माझ्या बाजूला येऊन बसले होते, आणि आबांच्या बाजूला एकटे चाचा उरले. तेव्हा आबांनी बादली बाजूला सारली, माझ्यासमोर मांडी घातली आणि पैलवानांवर यायचे तसे बोट नाचवत माझ्यावर चालून आले. माझा एक मुद्दा त्यांना कबूल नव्हता. मीही त्यांचा एक ऐकून घेतला नाही. मागं एक परगावचा माणूस रिकामा ग्लास धरून केव्हाचा उभा होता, तो खाकरला.

"जरा दम धरा, पावणं," आबा त्याच्याकडं न बघताच म्हणाले. "हिला पाडल्याबिगर आज दूध न्हाय."