उन्हाळ्याविरुद्ध अर्ज

सरजाबाईला मास्तरीण व्हायचं होतं. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती, म्हणून ही एकच संधी. नाहीतर जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपं. परभणीच्या ज्या अध्यापक विद्यालयात तिला जायचं होतं, तिथं प्रवेशाआधी लेखी परीक्षा होई आणि तीत निबंध असे. गणिताला ती भीत नव्हती. निबंध मात्र तिला विहिरीसारखा वाटे. वाकून पाहावं तर आत आपलंच तोंड, तेही हलणारं.

पिंगळीत लिहिण्यावर पोट भरणारा एकच माणूस होता, तिचा सासरा. भगवानराव अर्जनवीस रोज सकाळच्या गाडीनं परभणीला जात आणि कचेरीबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत. निजामाच्या अमलात उर्दूत, नंतर मराठीत. भाषा बदलली, लोकांचं रडणं तेच राहिलं. सुनेची शिकवणी त्यांनी आपण होऊन घेतली.

"निबंध म्हंजे काय लय मोठं न्हाई. वर कोणाला, खाली कोण, मधी तक्रार."

"मामा, पहाट असा विषय आला तर?"

"पहाटंची तक्रार लिव्हायची."

"पहाटंनं आपलं काय केलं?"

"काहीच केलं नसंल तर साहेब वाचंल कशाला?"

सरजाबाईनं एकदा निबंधाच्या मार्गदर्शक पुस्तकातलं वाक्य उतरवलं : कोकिळा मंजुळ गाते. भगवानरावांनी चष्मा वर केला. "साक्षीदार कोण?" साक्षीदार नव्हता. वाक्य खोडलं गेलं.

सासू चतुराबाई चुलीजवळून म्हणाल्या, "भाकर करपायली अन् ही कोकिळेवर दावा लावायली. अवो, तुमच्या नादानं पोरगी वाया जाईल."

"तू गप. तुझ्या बापाच्या जमिनीचा अर्ज मीच लिव्हला होता."

"म्हणूनच ती गेली!"

परीक्षेला विषय आला 'उन्हाळ्यातील एक दुपार'. शेजारच्या मुली भराभरा आंबे आणि गुलमोहर लिहू लागल्या. सरजाबाईच्या डोक्यात आंबा आलाच नाही. तिला बाहत्तरच्या दुष्काळातला रस्ता आठवला, खडीचा ढीग, आणि ढिगापलीकडे पांढरं, रिकामं आभाळ. हात आपोआप चालू लागला.

'मेहेरबान परीक्षक साहेबांचे सेवेशी. अर्जदार ही खडी फोडीत असता गैरअर्जदार उन्हाळा याने तिचे तळपाय भाजले. अर्जदाराने सावली मागितली असता गैरअर्जदाराने बाभळीकडे बोट दाखविले. बाभळीस पाने नव्हती. हातोडा तापून हाताला चिकटत होता. सोबतच्या बायका गाणे म्हणत होत्या, कारण बोलल्यास तहान लागते व गाण्यात तहान विसरते. सदर गैरअर्जदार दरवर्षी येतो, समज देऊनही सुधारत नाही. तरी मेहेरबानांनी समक्ष येऊन मौका पाहणी करावी, ही विनंती.' खाली सही.

बाहेर आल्यावर मुलींनी एकमेकींचे आंबे मोजले. सरजाबाईला तेव्हा कळलं, आपण काय करून बसलो. दुसऱ्या दिवशी ती खुरपं घेऊन रानात गेली.

तोंडी परीक्षेला बोलावणं आलं. टेबलामागे दोघं होते. त्यातले जाड भिंगांचे प्राचार्य तिची उत्तरपत्रिका हातात धरून इतके हसत होते की डोळे पुसायला त्यांना रुमाल काढावा लागला.

"बाई, हा निबंध आहे की फिर्याद?"

"साहेब, आमच्या घरी तसंच लिव्हतात."

"आणि मौका पाहणी? ती कशी करायची?"

सरजाबाईला वाटलं, सगळं गेलंच आहे, मग खरं सांगावं. "चैतात या. पिंगळीला उतरा, मी न्यायला येते. भर दुपारी, अन् चपला स्टेशनातच ठेवा."

दुसरे गृहस्थ हसले. प्राचार्य मात्र थांबले. त्यांनी कागद पुन्हा वाचला, यावेळी न हसता.

"त्या बायका कोणतं गाणं म्हणत होत्या?"

तिनं दोन ओळी म्हणून दाखवल्या, आधी दबकत, मग नेहमीच्या आवाजात. शिपाई दारातून डोकावला.

"मुलांना निबंध कसा शिकवाल?"

"आधी इचारीन, तुला काय टोचायलंय. मग म्हणीन, तेच लिव्ह."

प्राचार्यांनी नावापुढे खूण केली. "प्रवेश दिला," ते म्हणाले. "फक्त पुढच्या वेळी आम्हाला मेहेरबान म्हणू नका. सवय लागेल."