गिरणी वर्षाकडे, काका माझ्या गाडीत

दिवाळीनंतर जोडून सुट्टी मिळाली आणि महाडजवळच्या नाते या गावी जायचं ठरवलं. तिथे माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीची, वर्षाची, पोह्यांची गिरणी आहे. आजोबांनी सुरू केलेली, वडिलांनी वाढवलेली आणि या हंगामापासून तिची. पुण्याहून ताम्हिणी-माणगावमार्गे चारेक तास धरा. खड्डे आहेत, पण कडेला कापलेल्या भाताचे भारे बघत गेलं की त्रास वाटत नाही.

संध्याकाळी जेवताना वर्षाचे बाबा (मी त्यांना काका म्हणते) मला म्हणाले, "उद्या पोलादपूरकडं जातेस ना? मला कापड्याला बहिणीकडं सोड."

"उद्या? बाबा, उद्या यंदाची पहिली भट्टी लागतेय!" वर्षा म्हणाली.

"म्हणूनच."

सकाळी महाडला चहा-वडापाव झाला, दोघांचे शंभरच्या आत. पेट्रोल इथेच भरून घ्या. पोलादपूरहून आत वळलं की रस्ता अरुंद होतो आणि रेंज येते-जाते. रेंज गेली की काका मोबाईल खिडकीबाहेर धरायचे.

कापड्याला वर्षाच्या आत्यांनी दारातच विचारलं, "दादा, आज गिरणी सोडून कसा रे आलास?"

"तिथं असलो तर मधे बोलल्याशिवाय राहवणार नाय."

तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी पानात आली, तेवढ्यात फोन वाजला. काकांनी स्पीकर लावला.

"बाबा, पोहे तुटतायत!"

काकांनी तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाले, "तुला काय वाटतं?"

"भात कमी भिजलंय बहुतेक. भट्टी थांबवते, उरलेलं अजून भिजवते."

"मग थांबव की."

फोन ठेवला नि भाकरी बाजूला सारून म्हणाले, "मी पन्नाशीला आलो तरी आमचे वडील चक्कीपाशी उभे. गिऱ्हाईक भाव मला विचारायचं नि बघायचं त्यांच्याकडं. ते गेले तेव्हा रडलो खूप, पण हलकंही वाटलं. मी गेल्यावर हिला तसं वाटायला नको गो."

आत्यांनी त्यांना आणखी आमटी वाढली. काका तिथेच राहिले, मी दुपारी परतीला लागले.

ताम्हिणीत काढलेले फोटो अजून उघडलेले नाहीत. काकांचं ते बोलणं मात्र मनातून जात नाही. आठवड्याभराने वर्षाचा फोन आला.

"पहिले पोहे कोंबड्यांना घातले. दुसरे छान झाले. आणि काल बाबा आले. गिरणीच्या दारात थांबले नि विचारलं, 'येऊ काय गो आत?'"

"मग?"

"हात धरून आत आणलं."