कपाळाला लावायची कटलरी

माझ्यासारख्याने इंग्रजी शब्दाबद्दल लिहावं हा आगाऊपणाच आहे. आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. पण या शब्दावर आमचं घर चालतं, आणि त्यानेच माझी फजिती केली.

कामोठ्यात आईचं कटलरीचं दुकान आहे. टिकल्या, बांगड्या, रबर, केसांच्या पिना. दुकानाच्या पाटीवरचं ‘कटलरी’ वाचतच मी अक्षरं जुळवायला शिकलो.

शेवटच्या वर्षाला कुठेतरी प्रशिक्षण घेणं सक्तीचं होतं. ते मिळालं नाही तर वर्ष वाया. पळस्प्याजवळच्या एका हॉटेलात मुलाखत दिली. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, “कटलरीची काही माहिती?”

तोवर अडखळत बोलणारा मी एकदम खुललो. “सर, कटलरीतच वाढलोय!”

“वा! प्रकार सांग बघू.”

“गोल, चंद्रकोर, खड्यांची...”

“चंद्रकोर?”

“हो सर. कपाळाला लावायची.”

साहेबांनी टेबलावरची सुरी आणि काटा उचलून माझ्यासमोर धरला. “ही कटलरी. ही मात्र कपाळाला लावू नकोस.” मग हसू आवरत म्हणाले, “कळवतो.”

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाडजूड शब्दकोश उघडला. लॅटिनमध्ये छोट्या सुरीला ‘कुल्टेलस’ म्हणत. तो शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. सुऱ्या बनवणारा तो कटलर आणि त्याचा माल कटलरी. पुढे काटे-चमचेही त्यात आले. टिकली कुठेच नव्हती. मला वाटतं, सुऱ्यांच्या दुकानात आधी कात्री आली असेल, कात्रीमागून सुया, सुयांमागून पिना, आणि पिनांमागून टिकल्या. खरंखोटं मला माहीत नाही.

आईला सांगितलं, तर तिने गिऱ्हाइकासमोरच मला झापलं. “बाला, ते पुस्तकवाल्याला काय ठावं? अख्ख्या कामोठ्यात इचार, कटलरी मंजे काय ते! सुरे इकायला मी काय खाटीक हाय?”

अर्जावर मी दुकानाचाच नंबर दिला होता. आठवडाभर फोन वाजला की आईच्या आधी मीच धावून उचलायचो. शेवटी एका दुपारी कॉलेजमधून आलो, तर आई पिनांची पाकिटं पिशवीत भरत होती.

“पळस्प्यावरून सायबाचा फोन आलता,” ती म्हणाली. “सोमवारपासून ये बोलला. आनि काउंटरवरच्या पोरींना पिना पायजेत, त्या घेऊन ये बोलला. बग, त्यालापन समजली कटलरी.”